मार्थाबाईंची डॉक्टरकी

मार्था शांतवन आवळे यांनी पीएच.डी.ला नाव घातलं, त्या वर्षी त्यांना सत्तेचाळिसावं लागलं होतं आणि मिरजेला दिलेल्या लेकीला पहिलं बाळ झालं होतं. मंगळवार पेठेत बातमी फुटायला वेळ लागत नाही. शेजारच्या चिमणाबाईंनी त्यांना दारातच गाठलं.

"बाई, डॉक्टर हुणार म्हणं तुम्ही?"

"बघू. झाले तर."

"कशाची वो? डोळ्याची का हाडाची?"

"सुपरव्हिजनची."

चिमणाबाईंनी पदर खोचला. "सुपरव्हायझर तर आमचा भाचा हाय की साखर कारखान्यात! त्येला कुठं डॉक्टर व्हाय लागलं?"

मार्थाबाईंना हसू आवरेना. मग त्यांनी पायरीवर बसून नीट सांगितलं. माणसं आपलं दुःख घेऊन समुपदेशकाकडे येतात. तो ऐकून घेतो, बोलतं करतो. पण त्या समुपदेशकाला शिकवायचं कुणी? आणि शिकून तो कामाला लागला की त्याचं बरोबर चाललंय का, त्याच्या स्वतःच्या मनावर ओझं तर होत नाही ना, हे बघायचं कुणी? ते बघणाऱ्यांचं हे शिक्षण. पुण्यातल्या एका ख्रिस्ती संस्थेनं ते नुकतंच सुरू केलं होतं.

"म्हंजे मास्तरांचा मास्तर," चिमणाबाई म्हणाल्या.

"व्हय. तसंच."

"मग शिका की. तुम्हाला न्हाय येणार तर कुणाला!"

त्या असं म्हणाल्या त्यालाही कारण होतं. मार्थाबाईंचं सगळं आयुष्य शिकण्या-शिकवण्यातच गेलं होतं. आई बनाबाई मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाकीण, वडील सुतार. मार्थाबाई त्याच बोर्डिंगच्या शाळेत शिकल्या, तिथंच शिक्षिका झाल्या. वर्गातल्या मुली मधल्या सुट्टीत त्यांच्याभोवती घोटाळायच्या. कुणाला सावत्र आईचा जाच, कुणाचं चौदाव्या वर्षी लग्न ठरवलेलं. ऐकून घेण्यापलीकडे काय करायचं ते कळेना, म्हणून त्यांनी नोकरी सांभाळत बाहेरून मानसशास्त्रात एम.ए. केलं. तेव्हा एक्क्याण्णव साल होतं. दोन वर्षांनी चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत समुपदेशन केंद्र निघालं, ते त्यांच्याच पुढाकारानं. दुपारी शाळा सुटली की त्या सायकल तिकडे वळवायच्या. शहाण्णवपासून तिथं वर्षभराचा अभ्यासक्रमही सुरू झाला. दर वर्षी दहा-बारा जण शिकून बाहेर पडायचे, त्यातले दोघं-तिघं केंद्रातच काम करायचे.

हे सगळं सुरळीत चाललं असताना मलकापूरची बाळाबाई आली, आणि तिथून पुढची गोष्ट घडली.

नव्व्याण्णवच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. बाळाबाईला तिचा भाऊ भाऊसो घेऊन आला होता. पंचेचाळिशीची, हाडापेरानं मजबूत शेतकरीण. पण तीन महिन्यांत निम्मी झालेली. तिची अठरा वर्षांची लेक गवत आणायला बांधाला गेली आणि साप चावून गेली. तेव्हापासून बाई धड जेवत नव्हती, बोलत नव्हती. डॉक्टरांनी सगळं तपासून केंद्राचा पत्ता दिला होता.

ती आली आदर्शकडे. आदर्श पास्टरांचा मुलगा, तिशीतला, लग्न झालेला, अभ्यासक्रमात पहिला आलेला. मनानं इतका निर्मळ की दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी दिसलं की ह्याच्या आधी यायचं. बाळाबाई दोनदा आली, तिसऱ्यांदा आली, आणि मग यायचीच बंद झाली.

केंद्राचा नियम असा होता, की येणाऱ्या माणसाची परवानगी असेल तर बोलणं कॅसेटवर घ्यायचं आणि मार्थाबाईंनी ते आठवड्याच्या आत ऐकायचं. त्या महिन्यात शाळेत सहामाही परीक्षा होत्या. पेपरांचे गठ्ठे संपवून त्यांनी बाळाबाईच्या तिसऱ्या भेटीची कॅसेट लावली तेव्हा बारा दिवस उलटून गेले होते.

कॅसेटवर बराच वेळ नुसतं पंख्याचं घरघरणं होतं. मग बाळाबाईचा आवाज आला, जमिनीतून आल्यासारखा.

"म्याच मारली पोरगी. ती न्हाय म्हणत हुती. म्याच पाठीवली."

लगेच आदर्शचा आवाज. "असं नका म्हणू, मावशी. असं मनातसुद्धा आणू नका. देव सगळ्यांना क्षमा करतो. चला, आपण प्रार्थना करूया." मग त्याची प्रार्थना. शब्द सुंदर होते, मनापासूनचे होते. प्रार्थना संपल्यावर बाळाबाई दोनच शब्द बोलली.

"बरं हाय."

मार्थाबाईंनी ते दोन शब्द पुन्हा ऐकले. पुन्हा ऐकले. कोल्हापुरात जन्म गेलेल्या माणसाला ते सांगायला लागत नाही. एखाद्या घरी आपली कैफियत मांडावी, घरवाल्यानं दुसराच विषय काढावा, आणि आपण चप्पल पायात सरकवत म्हणावं, तसं ते 'बरं हाय' होतं. ह्या दारात पुन्हा येणार नाही, असं त्यात स्पष्ट सांगितलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आदर्शला समोर बसवून ऐकवलं. त्याला काही कळेना. "बाई, तिला बरंच वाटलं की. ती स्वतः म्हणतेय."

"रविवारी मोकळा आहेस?"

"चर्च झाल्यावर."

"मग माझ्याबरोबर मलकापूरला चल."

भाऊसोला आधी निरोप धाडून, बाळाबाई भेटायला तयार आहे हे कळल्यावर दोघं रत्नागिरी रस्त्याच्या एसटीत बसले. बांबवडं मागं पडलं. घरी पोचले तर बाळाबाई अंगणात भुईमुगाच्या वेलांच्या ढिगापुढं बसून शेंगा तोडत होती. तिनं मान वर केली, "या," म्हणाली आणि पुन्हा शेंगा तोडायला लागली. मार्थाबाईंनी तिच्याशेजारी बसकण मारली आणि एक वेल ओढून घेतला. आदर्शही बसला. तासभर तिघं नुसत्या शेंगा तोडत होते. बुट्टी भरली, दुसरी घेतली.

मग मार्थाबाई म्हणाल्या, "बाळाबाई, मी केंद्राची प्रमुख. तुमचं बोलणं मी वेळेत ऐकायला पाहिजे होतं, ते ऐकलं नाही. चूक माझी. ती सांगायला आले."

बाळाबाईनं हातातला वेल खाली ठेवला. "चूक कुणाची न्हाय वो. पोरगं गुणाचं हाय. तुमच्या देवाचं मला वावडं न्हाय, मी तुमच्या देवाच्याबी पाया पडंन. पर तीन म्हैनं जे तोंडातनं निघत नव्हतं ते त्या दिशी निघालं." तिनं आदर्शकडे बघितलं. रागानं नव्हे, नवल वाटल्यासारखं. "मी तोंड उघाडलं, आन् ह्येंनी डोळं मिटलं."

आदर्शच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या.

मग बाळाबाई बोलली. लेकीचं नाव सांगितलं. त्या दिवशी काय स्वयंपाक होता, पोरगी कशी कुरकुरली, आपण कसं करवादलो, सगळं सांगितलं. ऊन अंगणातून भिंतीवर चढेपर्यंत बोलली. कुणी तिला थांबवलं नाही, कुणी समजूत घातली नाही. निघताना तिनं आदर्शच्या पिशवीत ओंजळभर शेंगा टाकल्या. "पुढच्या बेस्तरवारी येतो मी," म्हणाली. आणि आली. पुढं आठ महिने येत राहिली, आणि आदर्शकडेच येत राहिली.

मार्थाबाईंच्या डोक्यातून मात्र 'ह्येंनी डोळं मिटलं' हे वाक्य जाईना. एवढा चांगला मुलगा, एवढं चांगलं शिक्षण, खरा भाव. तरी चुकलं. आणि आपण त्याला शिकवलेलं. आपल्याला तरी हे कुणी शिकवलं होतं? श्रद्धा असलेला माणूस दुसऱ्याच्या दुःखासमोर बसतो तेव्हा त्यानं आपल्या श्रद्धेचं काय करायचं? ती बाहेर चपलांपाशी काढून ठेवता येत नाही. आणि समोरच्याच्या डोक्यावर लादताही येत नाही. दुसऱ्या वर्षी पुण्याच्या त्या संस्थेची जाहिरात वाचली आणि त्यांनी अर्ज केला.

वर्षातून दोनदा तीन-तीन आठवडे पुण्यात राहायचं, बाकीचं काम आपापल्या गावी. वर्गात नऊ जण होते, आठ मार्थाबाईंपेक्षा लहान. मार्गदर्शक होते डॉ. कुरियन, केरळचे, पांढऱ्या दाढीचे, कमी बोलणारे. शिकवणं इंग्रजीतून. मार्थाबाईंना वाचलेलं सगळं कळायचं, पण बोलायला उभं राहिलं की क्रियापदं घसरायची. पहिल्या तीन आठवड्यांत त्या इतक्या गप्प राहिल्या की वर्गातल्यांना त्या फार विचारी वाटल्या.

खरा दणका दुसऱ्या सत्रात बसला. प्रत्येकानं आपण एखाद्या समुपदेशकाला मार्गदर्शन करतानाची कॅसेट आणायची होती. मार्थाबाईंनी आदर्शबरोबरची नेली. मनातून त्या निर्धास्त होत्या. पंचवीस वर्षं शिकवलेली बाई, हे तर हातचं काम. वर्गानं कॅसेट ऐकली. त्यात एकेक शब्द इंग्रजीत सांगायला लागला. शेवटी डॉ. कुरियन सावकाश म्हणाले, "तुम्ही त्याला अकरा प्रश्न विचारलेत. अकराही प्रश्नांची उत्तरं तुम्हाला आधीच माहीत होती."

मार्थाबाईंचे कान तापले. खोलीवर जाऊन त्यांनी कॅसेट पुन्हा लावली. खरंच की! हा समुपदेशकाशी चाललेला संवाद नव्हता, हा तोंडी परीक्षेचा तास होता. "इथं काय करायला हवं होतं?" "आणि ते का नाही केलंस?" आदर्शचा आवाज प्रत्येक प्रश्नाला थोडा थोडा बारीक होत गेलेला. ज्या गोष्टीसाठी त्याला मलकापूरला नेलं तीच आपण रोज त्याच्याशी करतोय, हे त्या लोखंडी खाटेवर बसून त्यांना पहिल्यांदा दिसलं.

कोल्हापूरला परतल्यावर त्यांनी त्याला बोलावलं आणि सरळ विचारलं, "माझ्यासमोर बसताना तुला कसं वाटतं?"

आदर्श म्हणाला, "खरं सांगू, बाई? वर्गात उभं केल्यासारखं वाटतं."

"मग तेच आधी बोलू," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्या दोघांचं पहिल्यांदा नीट बोलणं झालं.

पुढची तीन वर्षं त्यांनी बैलासारखं काम केलं. शाळा, केंद्र, घर आणि अभ्यास. नवरा शांतवन एसटीच्या वर्कशॉपात फिटर. पुस्तकाशी त्याचा संबंध इंजिनाच्या मॅन्युअलपुरता. पण त्यानं सकाळचा स्वयंपाक काही न बोलता अंगावर घेतला, आणि टेपरेकॉर्डर बिघडला की उघडून ठीक करायचा तोही तोच. केंद्रातले सहा समुपदेशक, दोनशेच्या वर कॅसेट, आणि मार्थाबाईंचा एकच प्रश्न होता. देखरेख करणाऱ्यानं समुपदेशकाचं ऐकलं, तर समुपदेशक समोरच्याचं जास्त ऐकतो का?

त्या सहा जणांत संघप्रिया होती. शिवाजी पेठेतली, बौद्ध घरातली, समाजकार्याची पदवी घेतलेली, आवाज खणखणीत. केंद्र चर्चचं, ती चर्चची नव्हे, पण मार्थाबाईंनी तिला घेताना फक्त एवढंच विचारलं होतं, "माणसाचं ऐकायचा कंटाळा येतो का?" दोन हजार दोन साली एका दुपारी दहा-बारा तरुण मंडळी केंद्राच्या दारात येऊन थडकली. मार्थाबाई शाळेत होत्या. पुढं झालेल्यानं दरडावून विचारलं, "हितं बाटवाबाटवी चालती म्हणं?"

संघप्रिया पायरीवर येऊन उभी राहिली. "या पावणं. मी बौद्ध हाय. पाच वर्षं झाली हितं काम करतोय. मला काय अजून कुणी बाटवलं न्हाय. तुम्हाला काय आत बघायचं आसंल तर चपला काढून या, आन् आवाज हळू. आत एक बाई रडत्यात."

ती मंडळी घुटमळली आणि आली तशी पांगली. त्यातला एकजण मात्र दोन दिवसांनी एकटाच परत आला. म्हणाला, "माझा भाऊ खोलीतनं भायेर येत न्हाय. काय करता येईल का?"

बाहेरचे असं म्हणत होते, तर आतले उलटं. चर्चच्या सभेत आण्णा समुद्रे नावाचे ज्येष्ठ पंच होते. कडक माणूस, पण लबाड नव्हे. त्यांनी भर सभेत विचारलं, "मार्थाबाई, नऊ वर्षं केंद्र चाललंय. त्यातून किती जण प्रभूकडे आले?"

"बाप्तिस्मा म्हणाल तर एकही नाही, आण्णा."

"मग हे ख्रिस्ती केंद्र कसं?"

मार्थाबाई उत्तर द्यायला उठल्या आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला जे माहीत आहे ते आपल्याला सांगता येत नाहीये. "मी शोधतेय," एवढंच बोलून त्या खाली बसल्या.

दोन हजार तीनमध्ये पुण्यात प्रबंधाचा कच्चा खर्डा समितीपुढं गेला आणि जसाच्या तसा परत आला. हरकती दोन. एक, सगळी संभाषणं कोल्हापुरी बोलीत आहेत, ती शुद्ध इंग्रजीत हवीत. दुसरी आण्णांचीच, फक्त भाषा वेगळी होती. यात ख्रिस्ती दृष्टिकोन नेमका कुठं आहे? स्वारगेटवर एसटीत बसल्यापासून कोल्हापूरपर्यंत मार्थाबाईंनी खिडकीबाहेर बघितलं, पण दिसलं काही नाही. घरी आल्यावर त्यांनी फायलींची पिशवी माळ्यावर टाकली.

"बास झालं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "माझ्या आवाक्यातलं न्हाय हे."

शांतवन कांदा चिरत होता. त्यानं मान वर केली नाही. "गाडी घाटात बंद पडली म्हणून कोण भंगारात घालतंय का? आधी बघायचं, डिझेल येतंय का न्हाय. मग बाकीचं."

"मला गाडीचं सांगू नका."

"मग तुझंच सांग. कुठं आडलंय?"

त्या रागारागानं सांगायला लागल्या. बाळाबाईच्या 'बरं हाय'चं भाषांतर त्यांनी इंग्रजीत केलं, तर समितीतल्या एकानं विचारलं, बाई ठीक आहे म्हणते, मग अडचण काय? "आता ह्यांना कसं सांगायचं, की ते 'बरं हाय' म्हणजे 'आता मी जातो' असं हाय!"

शांतवननं सुरी खाली ठेवली. "त्येंनी ऐकलंय का त्ये? टेपवर?"

नव्हतं ऐकलं. समितीनं नुसतं वाचलं होतं.

शांतवननं माळ्यावरची पिशवी खाली काढली.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी डॉ. कुरियनना पत्र लिहिलं. संभाषणं आहेत त्याच बोलीत राहतील, शेजारी भाषांतर देईन, आणि प्रत्येक महत्त्वाच्या ठिकाणी तो शब्द कोणत्या सुरात उच्चारला याची टीप देईन. हे मान्य नसेल तर प्रबंध मागं घेते, पण बाळाबाईच्या तोंडी जे ती बोललीच नाही ते घालणार नाही. पंधरा दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं. "मान्य. समितीशी मी भांडतो."

दुसऱ्या हरकतीला आणखी अडीच वर्षं लागली. ते उत्तर पुस्तकात नव्हतं, कॅसेटींत होतं. आदर्शच्या नंतरच्या कॅसेट त्या ओळीनं ऐकत गेल्या. त्यात तो देवाचं नाव क्वचितच घेत होता. कधी समोरच्यानंच मागितली तर प्रार्थनाही करत होता. पण त्याचं थांबणं बदललं होतं. कुणी भयंकर काही बोललं तरी तो पळत नव्हता. त्यांनी त्याला विचारलं, "पूर्वी तुला एवढा वेळ गप्प बसवत नव्हतं. आता कसं जमतं?" तो म्हणाला, "बाई, पूर्वी वाटायचं, सगळं मीच भरून काढायचंय. आता खोलीत जाण्याआधी दारात उभा राहून प्रार्थना करतो. मग आत गेल्यावर घाई होत नाही." मार्थाबाईंनी ते वाक्य वहीत उतरवलं आणि त्याच्याखाली जाड रेघ मारली.

तोंडी परीक्षा फेब्रुवारी दोन हजार सहामध्ये झाली. शांतवननं आणलेली नवी इरकल नेसून मार्थाबाई गेल्या. समोर पाच जण. मद्रासहून आलेल्या बाहेरच्या परीक्षक बाई नावाजलेल्या आणि धारदार होत्या. पहिला तासभर आकडे, पद्धत, संदर्भ यांवर प्रश्न झाले. मार्थाबाईंची क्रियापदं एकदोनदा घसरली, पण आता त्यांना त्याची फिकीर नव्हती. मग परीक्षक बाईंनी चष्मा काढला.

"तुमच्या समुपदेशकांत एक बौद्ध आहे, दोन हिंदू आहेत. येणारे बहुतेक हिंदू. खोलीत ख्रिस्ताचं नावही निघत नाही. मग ह्या प्रबंधाच्या नावात 'ख्रिस्ती' शब्द कशाला?"

मार्थाबाईंनी पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला. मग त्या म्हणाल्या, "आधी काहीतरी ऐकवू का? मिनिटभराचंच आहे. त्या बाईंनी सही करून परवानगी दिलीय."

टेप सुरू झाला. पंख्याची घरघर. बाळाबाईचा आवाज, आदर्शची प्रार्थना, आणि मग ते 'बरं हाय'. समितीतले दोघं मराठी होते. त्यांच्या चेहऱ्यावरून मद्रासच्या बाईंना कळलं.

"ह्या कॅसेटमध्ये प्रभूचं नाव चार वेळा आहे," मार्थाबाई म्हणाल्या. "आणि बाई निघून गेली. आमच्या प्रभूसमोर आंधळा माणूस उभा होता, तरी त्यानं आधी त्यालाच विचारलं, तुला काय हवंय. त्याला दिसत नव्हतं का, काय हवंय ते? दिसत होतं. तरी विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत थांबला. मी माझ्या समुपदेशकांना तेवढंच शिकवते. प्रार्थना कर. खोलीत जाण्याआधी कर, बाहेर आल्यावर कर. आत मात्र डोळे उघडे ठेव. संघप्रियाला मी प्रार्थना शिकवत नाही, ती तिच्या रीतीनं मन शांत करून आत जाते. पण तिचं ऐकताना मीही डोळे उघडे ठेवते, ते मी ज्याच्यापासून शिकले त्याचं नाव मी प्रबंधावर घातलंय. लपवलं असतं तर ते खोटं झालं असतं."

परीक्षक बाईंनी चष्मा पुन्हा लावला. प्रबंधाचं पान उलटलं, मिटलं. "मला आणखी प्रश्न नाहीत," त्या म्हणाल्या.

दहा मिनिटं बाहेर थांबायला सांगितलं होतं, पण चारच मिनिटांत दार उघडलं. डॉ. कुरियन स्वतः आले होते. त्यांनी हात जोडले आणि मोडक्या मराठीत म्हणाले, "आत या, डॉक्टर आवळे."

पुन्हा बाहेर आल्यावर मार्थाबाईंनी व्हरांड्यातून मोबाइलवर वर्कशॉपात फोन लावला. शांतवन गाडीखाली होता, कुणीतरी हाक मारून बाहेर काढला.

"झालं," त्या म्हणाल्या.

"झालं?"

"झालं वो!"

पलीकडे काहीतरी आरडाओरडा झाला. मग एक हॉर्न वाजला. मग दुसरा. वर्कशॉपात दुरुस्तीला उभ्या असलेल्या झाडून सगळ्या एसट्यांत कामगार चढले होते आणि हॉर्न दाबून धरत होते. पुण्याच्या त्या शांत व्हरांड्यात, फोन कानाशी धरून, डॉ. मार्था आवळे लहान मुलीसारख्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

कोल्हापूरला उतरल्या तर गल्लीच्या तोंडाला डिजिटल बोर्ड. रेशनकार्डावरचा, कपाळाला आठ्या घातलेला फोटो दहा फुटी केलेला, खाली लिहिलेलं, 'मंगळवार पेठेची शान'. तालमीच्या पोरांनी हलगी आणली होती. गुलाल नको म्हणेपर्यंत केसांत पडलाही होता. चिमणाबाईंनी तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची पातेली चुलीवर चढवली होती आणि येईल त्याला सांगत होत्या, "मास्तरांचा मास्तर झाल्यात आमच्या बाई. साधं न्हाय ते." आदर्श आणि संघप्रिया पंगतीला वाढत होते.

रविवारी चर्चमध्ये सत्कार झाला. आण्णा समुद्रे बोलायला उठले तेव्हा सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"मी प्रश्न विचारला तो चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही," आण्णा म्हणाले. "पण बाईंचा प्रबंध मी घरी नेऊन वाचला. सगळा. केंद्राला दोन खोल्या पुरत नाहीत. सभागृहाच्या बाजूची मोठी खोली त्यांना द्यावी, असा मी ठराव मांडतो."

ठराव एकमतानं मंजूर झाला.

पुण्याच्या संस्थेनं दोन हजार आठ साली कोल्हापूरला आपलं अभ्यासकेंद्र मान्य केलं. पीएच.डी.च्या मार्गदर्शकांच्या यादीत डॉ. मार्था आवळे हे नाव छापून आलं. पहिला अर्ज संघप्रियाचा. मुलाखतीत तिला विचारलं, तुम्ही ख्रिस्ती दृष्टीचा अभ्यास कसा करणार? ती म्हणाली, "आधी तुमची दृष्टी नीट शिकतो. मग माझी लिहितो. दोन्ही शेजारी ठेवून बघूया की." तिला प्रवेश मिळाला. आदर्शला त्याच्या पुढच्या वर्षी.

अभ्यासकेंद्राच्या पहिल्या दिवशी त्या मोठ्या खोलीत सतरंजीवर सात जण बसले होते. रत्नागिरीचे बाळासो नावाचे निवृत्त मुख्याध्यापक, गडहिंग्लजच्या एक नर्सबाई, निपाणीहून पहाटेच्या गाडीनं आलेली एक तरुण विधवा. निपाणीच्या बाईनं दबकत हात वर केला.

"अक्का, हे सगळं शिकाय किती वरीस लागतील?"

मार्थाबाईंनी खडू हातात घेतला होता, तो परत ठेवला आणि त्यांच्यातच येऊन बसल्या.

"मला सहा लागली. वाट नव्हती, मलाच पाडायला लागली. तुम्हाला चार पुरतील," त्या म्हणाल्या. "सांगा आता. कुठून आलात, आणि इथं यायला घरच्यांना काय सांगून आलात?"